पहिल्या रिपोर्टात काही नाही, दुसऱ्यात कॅन्सर

पत्र

डॉक्टर, माझी आई ६२ वर्षांची आहे. पाटण तालुक्यात गावी भावाकडे राहते, मी पुण्यात असते. दिवाळीच्या सुमारास तिची खालची डावी दाढ हलायला लागली. तालुक्याच्या दवाखान्यात पायोरिया म्हणून ती काढली. जखम काही भरली नाही. उलट तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं पांढरं, खरबरीत मांस वर आलं. दुखत मात्र फारसं नव्हतं. तुकडा तपासायला पाठवला तर 'व्हेरुकस हायपरप्लेजिया, कॅन्सर दिसत नाही' असा रिपोर्ट आला. आम्ही निश्चिंत झालो. दोन महिन्यांत ते वाढलं म्हणून दुसरीकडे नेलं. तिथे पुन्हा तुकडा काढला आणि या वेळी 'व्हेरुकस कार्सिनोमा' आलं. सर्जन म्हणतात जबड्याचं थोडं हाड काढावं लागेल. हाडाला लागलं म्हणजे चौथी स्टेज का? नुसता शेक (रेडिएशन) देऊन भागणार नाही का? मामा म्हणतात, हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो, आधी दोन महिने वैद्याचं औषध देऊन बघू. भाऊ म्हणतो, आईला काही सांगायचं नाही, ती हाय खाईल. खरा रिपोर्ट कोणता हेच आम्हाला कळत नाही. आई लग्नाआधीपासून मशेरी लावते. वहिनीसुद्धा लावते. (नाव छापू नये.)

उत्तर

ताई,

रिपोर्टपासून सुरुवात करते, कारण घरातला सगळा गोंधळ तिथूनच उठलाय. दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. तुमच्या आईला झालेला कॅन्सर तोंडाच्या कॅन्सरमध्ये मोजक्याच लोकांना होतो आणि तो ओळखायला फार चकवतो. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट लॉरेन अ‍ॅकरमन यांनी १९४८ साली तो वेगळा काढून दाखवला, म्हणून त्याला अ‍ॅकरमनची गाठही म्हणतात. त्यांच्या रुग्णांतही तंबाखू चघळणारे होते. नेहमीच्या कॅन्सरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताक्षणी बिघडलेल्या दिसतात. याच्या पेशी जवळजवळ शहाण्यासारख्या दिसतात. बिघाड कळतो तो तळाशी, जिथे ही वाढ खालच्या मांसाला रेटत आत सरकते. वरवरचा तुकडा काढला की त्यात हा तळ येतच नाही. मग पॅथॉलॉजिस्टला जे दिसतं ते तो लिहितो: जाड झालेली त्वचा, कॅन्सर दिसत नाही. त्यात त्याची चूक नसते. दुसऱ्या वेळी बहुधा कडेची चांगली त्वचा आणि खालचा तळ धरून खोल तुकडा घेतला गेला असावा. म्हणून दुसऱ्या रिपोर्टावर विश्वास ठेवा.

आणि अजून एक रिपोर्ट यायचा आहे. ऑपरेशननंतर काढलेला सगळा भाग तपासतात, तो शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा. या जातीच्या गाठीत कधी कधी नेहमीच्या, पसरणाऱ्या कॅन्सरचं एखादं बेट दडलेलं असतं. १९८४ साली अशा १०४ रुग्णांचा अभ्यास छापून आला, त्यात साधारण पाचांतल्या एकाच्या गाठीत असं सापडलं होतं. पुढे शेक द्यायचा की नाही, मानेच्या गाठींचं काही करायचं की नाही, हे त्यावर ठरतं. म्हणजे सर्जन आज 'नंतर बघू' म्हणाले तर ते टाळताहेत असं समजू नका.

आता एक काम भावाला सांगा. दोन्ही लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि तुकडा बसवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या. मागितले की पावती घेऊन देतात. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात गेलात की ते आपल्याकडे पुन्हा वाचतात. नुसता कागद घेऊन गेलात तर आईच्या तोंडातला आणखी एक तुकडा काढावा लागेल.

स्वभावाने हा कॅन्सर संथ आहे. लिम्फच्या गाठींत किंवा फुप्फुसात तो सहसा जात नाही. मानेत गाठी लागल्या तरी पुष्कळदा त्या तोंडातल्या सुजेमुळे मोठ्या झालेल्या असतात. नीट काढला तर माणूस बरा होऊन घरी जातो आणि पुढे वर्षानुवर्षं जगतो. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, या आजाराचं खरोखरच असं आहे. पण याच संथपणामुळे घरचे, गावचे आणि कधी कधी डॉक्टरही सैल पडतात. दुखत नाही, जेवण जातंय, मग घाई कशाला? मामांचे दोन महिने याच सैलपणातून आलेत.

त्या दोन महिन्यांत काय होऊ शकतं ते सांगते. हिरडी म्हणजे हाडावर थेट ताणून बसवलेलं कातडं. गालात किंवा जिभेत आजार आणि हाड यांच्या मध्ये स्नायूंचा थर असतो, हिरडीत तसं काही नाही. दोन-तीन मिलिमीटरवर हाड. त्यातून दाढ काढल्यावर जो खड्डा राहतो, तो आजाराला हाडात उतरायला आयती वाट. आज सर्जन हाडाची फक्त वरची कड काढून भागवू शकत असतील, तर उद्या अख्खा तुकडा काढावा लागेल. हे दोन्ही पर्याय आईच्या चेहऱ्याच्या दृष्टीने फार वेगळे आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रकारात जबड्याच्या हाडाची वरची पट्टी दातांसकट काढतात आणि खालची कड तशीच ठेवतात. हनुवटीचा आकार टिकतो, चावण्याची ताकद बरीच टिकते, बाहेरून पाहणाऱ्याला पटकन कळतही नाही. दुसऱ्या प्रकारात हाडाचा पूर्ण आडवा तुकडा जातो, आणि मग पोकळी भरायला बहुतेक वेळा पायाचं हाड आणतात. पिंढरीत दोन हाडं असतात, त्यातलं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड. शरीराचं वजन आतल्या जाड हाडावर असतं, त्यामुळे ते घेतलं तरी माणूस पुन्हा नीट चालतो. ते रक्तवाहिन्यांसकट जबड्यात बसवतात. दिवसभराचं ऑपरेशन, मग काही दिवस अतिदक्षता विभाग, नाकातल्या नळीने पातळ खाणं. होतं सगळं, पण ६२ वर्षांच्या बाईला ते टाळता आलं तर टाळावं, आणि टाळण्याची संधी आत्ता आहे. एक अडचण मात्र असते. ज्यांचे दात लवकर गेलेत, त्यांचा जबडा झिजून पातळ झालेला असतो. त्यात वरची पट्टी काढली तर खाली उरतं ते मोडण्याच्या लायकीचं. अशा वेळी सर्जन सुरुवातीलाच पूर्ण तुकडा काढायचा म्हणतात. तुमच्या सर्जनना सरळ विचारा: "खालच्या कडेचं हाड ठेवता येईल का? नसेल तर का नाही?" सीटी स्कॅन समोर लावून ते दाखवतील. शिवाय डाव्या बाजूच्या खालच्या ओठाला बधिरपणा येईल का, तेही विचारून ठेवा. ओठाची संवेदना नेणारी नस या हाडातूनच जाते. आईचा ओठ आत्ताच बधिर वाटतो का, हे तिला विचारा आणि तसं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. तो बधिरपणा म्हणजे आजार आतल्या त्या नसेला जाऊन पोचल्याची खूण असू शकते.

चौथ्या स्टेजचा धसका सोडा. पहिली गोष्ट अशी की हिरडीच्या कॅन्सरसाठी नियमच वेगळा आहे. हाडाचा वरचा थर किंवा दाताचा खड्डा थोडा खरडला गेला असेल, तर तेवढ्यावरून चौथी स्टेज धरत नाहीत. हाडाचा कठीण थर भेदून आजार आत गेला तरच धरतात. दुसरी गोष्ट, समजा ती निघालीच, तरी तोंडाच्या कॅन्सरमधल्या चौथ्या स्टेजचे भाग पाडलेले आहेत आणि त्यातल्या पहिल्या भागात ऑपरेशन करून बरे करण्याच्याच हिशेबाने उपचार करतात. पोटाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये चौथी स्टेज म्हटलं की आपण जे समजतो, ते इथे समजू नका.

शेकाबद्दल. या जातीला शेकाचा गुण ऑपरेशनइतका येत नाही. जुन्या काळी तर असं छापून आलं होतं की शेक दिल्यावर ही गाठ उलट बिथरते. आता बहुतेकांना वाटतं की त्या गाठींमध्ये तो दडलेला वाईट भाग आधीपासूनच असावा. तरी निष्कर्ष तोच राहतो, ऑपरेशन करता येत असेल तर आधी ऑपरेशन. अंतिम रिपोर्टात काही वाईट निघालं, तर वर शेक. आणि शेक ठरलाच, तर त्याआधी उरलेले किडके, हलणारे दात दंतवैद्याकडून बघून घ्यायचे. शेक झाल्यावर त्या बाजूचा दात काढला तर हाड सडण्याची भीती असते.

मामांचं म्हणणं खोडून काढण्याआधी ते कुठून येतं ते पाहा. गावात एखाद्याचं तोंड उघडेनासं होईपर्यंत थांबतात, मग ऑपरेशन होतं, सहा महिन्यांत माणूस जातो. लोकांच्या लक्षात राहतं ते हत्यार. आधीचं वर्ष कोणी मोजत नाही. तुकडा काढल्याने किंवा ऑपरेशनने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही, आणि उशीर मात्र हमखास नडतो. वैद्याचा काढा आईला बरा वाटत असेल तर ऑपरेशनच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, रक्त पातळ करणारं काही त्यात नसावं. पण त्या जागेवर लेप, क्षार, चुना काहीही लावू द्यायचं नाही. त्याने वर जखम होते, खालचं झाकलं जातं आणि सर्जनला कड कळत नाही. मामांना दूर ठेवू नका, उलट पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि सीटी दाखवताना खोलीत बसवा. नातेवाईक दवाखान्याच्या बाहेर बसले की जास्त शहाणे होतात, असं माझं मत आहे.

दाढ काढणाऱ्या दवाखान्याबद्दल तुमच्या मनात राग असेल. मीही दाताचीच डॉक्टर आहे, त्यामुळे माझं बोलणं पक्षपाती वाटेल, तरी सांगते. मशेरी लावणाऱ्या साठीच्या बाईचे दात हलतात ते बहुतेक वेळा पायोरियानेच. पण पायोरियात चार-सहा दात हलतात. शेजारचे दात घट्ट आणि एकच दाढ हलते, तिच्याभोवती मांस वाढलंय, तर आधी एक्स-रे आणि तुकडा, मग पक्कड. आणि काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत खड्डा भरला नाही, तर 'अजून पाच दिवस गोळ्या घ्या' म्हणून परत पाठवायचं नसतं. त्यांचं चुकलं असं मला वाटतं. पण ते भांडण आईचं ऑपरेशन होईपर्यंत बाजूला ठेवा, आत्ता तुमचे पाय आणि पैसे दुसरीकडे लागणार आहेत.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. आगाऊ रक्कम भरण्याआधी त्या टेबलावर जा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन. मंजुरी ऑपरेशनच्या आधी मिळवायची असते, नंतर बिल दाखवून उपयोग होत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात जायचं ठरलं तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे चौकशी करा. एसटीत आईचं तिकीट अर्धं आहेच. पण टाटालाच गेलं पाहिजे असं नाही. सोलापूर जिल्ह्यात बार्शीसारख्या ठिकाणीही कॅन्सर रुग्णालय आहे, तुमच्या जवळही सोयी असतील. पाहायचं ते एवढंच की तिथे डोक्या-मानेच्या कॅन्सरचा सर्जन, प्लास्टिक सर्जन आणि शेकाचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात का.

आता भावाचा प्रश्न. मला तो सगळ्यात अवघड वाटतो, आणि त्याचं उत्तर मात्र मी ठामपणे देणार आहे. आईला सांगा. ऑपरेशनच्या कागदावर सही किंवा अंगठा तिचाच लागणार. कॅन्सर रुग्णालयाच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई तिला पहिल्याच संध्याकाळी विचारील, "तुमचा कुठला?" तिथे परक्याकडून कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. जबड्याचं हाड काढतात ते फोड आला म्हणून नाही, हे तिलाही समजतं. बहुतेक बायकांना आधीच अंदाज असतो, आपल्या माणसांना त्रास नको म्हणून त्या विचारत नाहीत. दोन्ही बाजूंनी एकमेकांपासून लपवणं चालतं, आणि रात्री अंधारात ती एकटी विचार करत पडते. तिच्याशी तिच्याच बोलीत, चुलीपाशी बसल्या बसल्या बोला. "आये, हिरडीला झालंय त्यो कॅन्सर हाय. पर बेगीनं पसरनारा न्हाई. आप्रेशन केलं की निघतोय. मी तुज्यासंगं ऱ्हानार हाय." एवढं पुरे. स्टेज, टक्केवारी तिने विचारली तरच. आणि हे भावानेच सांगावं, तुम्ही शेजारी बसा. रोज तिच्यासोबत राहणारा तो आहे.

न सांगून आणखी एक अडतं. मशेरी सुटत नाही. खरं कारण माहीत नसेल तर चाळीस-पन्नास वर्षांची सवय बाई का सोडील? तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू ती सकाळी उठल्याबरोबर हिरडीवर घासते, मग जेवल्यावर, मग दुपारी कंटाळा आला की. भाजल्याने तंबाखू सौम्य होते हा गैरसमज आहे, निकोटीन शिल्लक राहतं आणि कॅन्सर करणारी द्रव्यंही. ही सवय आपल्याकडे किती पसरलीय हे नवं नाही. १९७२ साली महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सरकारने १९९२ साली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार?

आई म्हणेल, मशेरीशिवाय पोट साफ होत नाही. ते खोटं नाही. निकोटीनने आतडं हलतं आणि सवय तुटली की काही आठवडे खरोखर बद्धकोष्ठ होतं. डोकं दुखतं, चिडचिड होते. हे आधीच धरून चाला. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, आणि पहिले दहा-पंधरा दिवस तिच्या चिडण्याचा राग मानायचा नाही. निकोटीनचं च्युइंगम तिच्या तोंडाला चालणार नाही. अंगावर चिकटवायची निकोटीनची पट्टी तिला चालेल का हे डॉक्टरांना विचारा. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे समुपदेशक बोलतात. ऑपरेशनआधी सुटली तर जखम चांगली भरते. ऑपरेशननंतर पुन्हा लावली तर नवी गाठ येण्याची भीती कायम राहते.

कारण तोंडाचा जो भाग इतकी वर्षं तंबाखूत भिजला, त्यात फक्त एक दाढेची जागा बिघडली असेल असं नाही. दुसऱ्या बाजूची हिरडी, गाल, टाळू सगळं नीट पाहून घ्या. कुठे पांढरा चट्टा असेल तर त्याची नोंद आणि शक्य तर फोटो ठेवा. काही बायकांत असे खरबरीत पांढरे चट्टे हिरडीवर एकामागून एक येत राहतात, काढले तरी परत येतात. तो वेगळाच चिवट प्रकार आहे आणि त्यात आयुष्यभर नजर ठेवावी लागते. आईची पहिल्या वर्षाची तपासणी दर एक ते तीन महिन्यांनी होईल, पुढे अंतर वाढत जाईल. बरं वाटतंय म्हणून ती चुकवू देऊ नका.

आणि वहिनीचं तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, एका ओळीत लिहिलंय. आईला घेऊन जाल तेव्हा तिलाही घेऊन जा. ओपीडीत तिचाही केसपेपर काढा. तिला वेगळं काही सांगायला नको, आईसोबत कोणी बाई हवीच आहे. डॉक्टर आईचं तोंड बघतील तेव्हा त्याच खुर्चीत तिलाही बसवा.